आमदारांना दाखवलेला कोरडा रस्ता

चहा घ्या आणि माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐका. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

बोईसरजवळच्या नवापूरच्या पलीकडे खाडीकाठी एक छोटा कोळीवाडा आहे. मोठ्या भरतीला त्याचा एकुलता रस्ता पाण्याखाली जातो. तिथल्या हिराबाईची सून पहिल्या वेळी कळा देत त्या पाण्यापाशी अडकून पडली होती. पाणी ओसरलं तोवर बाळ गेलं. आता तिला पुन्हा सातवा महिना लागला होता. वाड्यात आरोग्य उपकेंद्र नाही. का? तर नियम डोकी मोजतो आणि डोकी कमी भरतात! पाण्यानं तुटणाऱ्या वस्त्यांना वेगळा नियम हवा, हे आमदारांनी विधानसभेत मांडावं म्हणून मी, एक निवृत्त मास्तर, त्यांचे उंबरे झिजवले.

शेवटी साहेब म्हणाले, "सर, एकदा डोळ्यांनी बघतो, मग अधिवेशनात बोलतो."

दोन दिवस दिले त्यांनी. एक अष्टमीचा, एक पौर्णिमेचा. हिराबाई लगेच म्हणाली, "आठमीला नको सर, पुनवेला बोलवा."

मला वाटलं, झालं, हिचा देवधर्म निघाला! मी तिलाच सुनावलं, "हिराबाई, सरकारी कामाला तिथी बघायची नसते." आणि साहेबांना अष्टमीच कळवली. तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली.

अष्टमीला भर दुपारी साहेबांची गाडी थेट वाड्यात! रस्ता ठणठणीत कोरडा. इतका कोरडा, की मधोमध कुणीतरी कोळंबीसारखा बारीक जवळा वाळत घातलेला!

"सर, पाणी कुठाय?"

"इथे गुडघाभर असतं, साहेब."

साहेबांनी जवळ्याकडे पाहिलं. मी घाबरून हात कमरेपर्यंत नेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात छातीला लागला. आणखी दोन प्रश्न विचारले असते तर मी तिथे बुडालोच असतो! त्यांच्या माणसानं वहीत लिहिलं, 'रस्ता चांगला.'

"पुनवेला या ना साहेब," हिराबाई कळवळून म्हणाली. "आठमीला भांगाची भरती, पानी चढत नाय. पुनवेला उधान येतं. तवा बगा."

"पुनवेचा दिवस आता दुसरीकडे दिला हो, मग लगेच अधिवेशन. आता पुढच्या वेळी बघू."

गाडी धुरळा उडवत गेली. पुढच्या अधिवेशनाला कितीतरी महिने होते, सुनेकडे दोनच. तिला बोईसरला मावशीकडे ठेवायचं ठरलं. पोरगी रडत कपडे भरत होती, आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"हिराबाई, चुकलं माझं."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. जवळ्यावरच्या माशा हाकलत तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "सर, तुमी शालंत काय शिकवायचे?"

 तीस वर्षं शिकवलेल्या विषयाचं नाव मी जवळ्याकडे बघत घेतलं.

"भूगोल," मी म्हणालो.