मखमलीवरचा उजेड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही.

माझी नोकरी इथे परदेशात, पॅरामॅटाला, बँकेत. शनिवारी मात्र एका लहान संग्रहालयात हौसेने गाइड असते. तिथे तीनेकशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपियन सरदाराचं चित्र आहे – तांब्याच्या पत्र्यावर कोरून, शाई भरून कागदावर उमटवलेलं. नुसत्या काळ्या रेघा, पण अंगरख्याची मखमल हात लावावासा वाटेल इतकी मऊ.

बाबा पुण्याहून आले तेव्हा त्यांना तिथे नेलं. बाबांनी जन्मभर भांड्यांच्या दुकानाबाहेर फूटपाथवर बसून नावं घातली – लग्नाच्या पातेल्यांवर, 'मामांकडून सप्रेम भेट'. इथे कुणी विचारलंच, तर मी म्हणायचे, दुकानात होते. लाज वाटायची मला – दुसरं काय?

सरदाराच्या तोंडाकडे बाबांनी पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर सारून ते बाहीपाशी वाकले.

"कोरणाऱ्यानं हात नाही फिरवलाय गं, पत्रा फिरवलाय. आणि उजेड कोरलेलाच नाही – तेवढी जागा सोडलीय. सांग तुझ्या मॅडमना."

मॅडम, म्हणजे तिथली प्रमुख हेलन, शेजारीच उभी होती. सांगितलं तर विचारणार, यांना कसं कळलं? मग पातेली निघणार, फूटपाथ निघणार. मी इंग्रजीत म्हणाले, "ही लाइक्स द कॉस्च्यूम" – त्यांना पोशाख आवडलाय, एवढंच.

हेलन हसली. बाबाही हसले – त्यांना वाटलं, पोचलं.

इथवर भित्रेपणा म्हणता आला असता. पण पुढच्याच शनिवारी बाबांचं ते बोलणं मी लोकांना माझं म्हणून ऐकवलं. हेलनला इतकं आवडलं की आता ते चित्राशेजारच्या पाटीवर आहे, खाली माझं नाव. लोक पाटी वाचून माझ्याकडे वळतात आणि मला ते पुन्हा बोलावं लागतं. चोराच्या मनात चांदणं – कुणी जरा जास्त वेळ पाहिलं तरी मी घाईने पुढच्या चित्राकडे वळते. गाइडचं काम सोडू? मग कारण काय सांगू?

गेल्या महिन्यात बाबा परत आले आणि हट्टाने तिथेच गेले. इंग्रजी त्यांना येत नाही, पण माझं नाव त्यांनी बरोबर ओळखलं. त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "वाच की, काय लिहिलंयस."

मी वाचलं – चित्र कुठल्या देशातलं, कागद कसला, संग्रहालयाला कुणी दिलं. पाटी संपेपर्यंत वाचल्यासारखं केलं.

"एवढंच? मी सांगितलेलं घालायचं होतंस."

राहून गेलं, म्हटलं.

"असू दे," बाबा म्हणाले. "कधीकधी जागा पुरत नाही."

मी मान हलवली.