अक्कांचा ओटा

नवरा गेल्यावर माझी थोरली नणंद, आमच्या अक्का, धरणगावला एकट्याच राहत होत्या. गुडघे गेले तसा माझ्या नवऱ्याने त्यांना जळगावला आणायचा हट्टच धरला. त्या यायला तयार झाल्या, पण आपली चूल वेगळी राहील, ही एकच अट घातली. त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "येसू, पन मनी चूल येगळी राही." भावजयीच्या तोंडाकडे बघत जेवायचं नाही, असा त्यांचा बाणा. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण पटलंही होतं.

घरामागच्या मोकळ्या जागेत खोली बांधली. आत ओटा, गॅसची शेगडी, मोरी. इंजिनीअरने बजावलं होतं, मागे सामानाची खोली चालते, पण स्वयंपाकघर केलं की ते दुसरं घर धरतात आणि आपल्या प्लॉटवर दुसऱ्या घराला परवानगी नाही. आम्ही म्हटलं, कोण बघायला येतंय! शेजाऱ्यांच्या पोटात दुखलं आणि पालिकेचा माणूस आलाच.

तसा वाईट नव्हता मेला. अक्कांचे सुजलेले गुडघे बघून त्यानेच वाट काढून दिली. "आजी, चूल एकच ना तुमची सगळ्यांची?" नुसतं हो म्हणायचं होतं. पण अक्कांना वाटलं, हा विचारतोय, तुम्ही भावाच्या जिवावर जेवता ना? त्या ताठ बसल्या. "नही भाऊ, मनी येगळी शे." वर त्याला शेगडी दाखवली, चहाही पाजला. माझ्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

नोटीस आली. ओटा काढा, नाहीतर खोली पाडू. मी पालिकेत जाऊन भांडले. एक म्हातारी बाई दोन भाकरी थापते, त्याने शहराचं काय बिघडतं? साहेब म्हणाले, तुम्हाला सोडलं तर उद्या गल्लीत जो तो मागे भाडेकरू ठेवेल, मग पाणी आणि गटार कुठून पुरवायचं? त्यांचंही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त संताप झाला.

मिस्तरीने ओटा फोडला. अक्का बाहेर खुर्चीवर बसून होत्या. मी म्हटलं, माझं स्वयंपाकघर तुमचंच आहे. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी त्यांचा पत्ता नाही. एरवी उजाडायच्या आत त्यांचा चहा झालेला असायचा. जीव घाबरा होऊन मागे धावले. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून त्या खाटेवर बसल्या होत्या. मी चिडूनच विचारलं, उपाशी काय बसलात, आत यायला बोलावणं लागतं का?

"तू बलावशी तवय येसू," त्या म्हणाल्या.