दहावा माणूस

३१ जानेवारी १९५४, रविवार, सकाळी साडेसात, बदनापूर. आमच्या ग्रामरक्षक दलाची तुकडी, औरंगाबादहून आलेले मेजरसाहेब आणि आमचे हवालदार. तुकडीची हजेरी : दहा. हा आकडा मी सांगितला आणि तो खोटा होता. गुदामातली पोती मोजण्यात माझी सारी नोकरी गेली. एवढ्या वर्षांत जाणूनबुजून खोटा सांगितलेला आकडा हा एकच. तो ज्या माणसापुढे सांगितला, त्याच्याइतका गिनतीवेडा माणूस मराठवाड्यात दुसरा झाला नसेल.

हवालदार इटलीत लढून आले होते. पेन्शनीवर बदनापुरात राहिले, ते रेल्वेफाटकाजवळच्या एका पत्र्याच्या खोलीत. पोलीस ॲक्शननंतर गावात रक्षक दल निघालं आणि त्याचं शिक्षण आपसूक त्यांच्याकडे आलं. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत असे : दहा गेले तर दहा आले पाहिजेत, आणि नऊ आले तर कोणीच आलं न्हाई. हे शास्त्र ते फक्त मैदानावर पाळत असते तर गावाला काही त्रास नव्हता. पण ते लग्नाच्या पंगतीतही पाळत. पंगत बसली की एक डोळा बारीक करून आधी ताटं मोजायची, मग माणसं, आणि शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणाला उठू द्यायचं नाही. एका लग्नात बोळक्या तोंडाचे एक आजोबा बुंदीचा लाडू चघळत बसले होते. त्यांच्यापायी अख्खी पंगत खरकटे हात वर धरून पाऊण तास बसली. वरमाईनं डोळे वटारले तरी हवालदारांनी कोणाला हलू दिलं नाही. बाजाराला जाताना ते कोपऱ्यावर थांबून दोन्ही बाजू पाहत, हातानं खूण करत, आणि मग त्यांच्या बायकोनं पुढच्या कोपऱ्यापर्यंत जायचं. तिथं तिनं थांबायचं आणि यांनी पुढं यायचं. एकानं चालायचं तेव्हा दुसऱ्यानं राखण करायची, हा लढाईतला नियम. एकदा भर बाजारात बाई म्हणाल्या, "मेथीची जुडी आणायला निघालो का गड घ्यायला?" हवालदारांनी शांतपणे पुढची खूण केली.

आमची तुकडी म्हणजे गावाचा नमुनाच. मी गुदाम-कारकून, करीम मास्तर शिंपी, एक पोटाळ मारवाडी शेठ, पोस्टमन आणि सहा शेतकरी. कवायत चांगली जमली की आम्हाला वाटायचं, शिकलो. हवालदार म्हणत, सपाट मैदानावर तर शाळेतली पोरंही पाय मिळवतात, धुरात मिळवून दाखवा. मग ते कपाशीच्या ओल्या पळाट्या पेटवत, त्यात मूठभर मिरच्या टाकत आणि रॉकेलचे रिकामे डबे बडवत. त्या धुरात आम्ही दहाजण कमरेला एकच दोरी बांधून ओढा उतरायचो. शेठ घसरले की दहाच्या दहा घसरायचो. खाली चिखलात पडल्या पडल्या प्रत्येकानं आपला नंबर ओरडायचा. शेठचा नंबर नेहमी खोकल्यातून यायचा. पाण्याचा तांब्या एकच असे आणि तो पहिल्यापासून दहाव्यापर्यंत फिरे. दहाव्याला घोट उरला नाही तर दुसऱ्या दिवशी तांब्या उलटा फिरे. सगळ्या जातींची तोंडं त्या एका तांब्याला लागतात हे आईला कळलं, तेव्हा तिनं मला पंधरा दिवस मागच्या दारानं घरात घेतलं. हवालदारांना सांगितलं तर म्हणाले, "बराबर हाय. मागच्या दारावर पण कोणीतरी पाहिजेच."

माझा नंबर दहावा. दहाव्यानं सगळ्यांच्या मागे राहायचं, कोणी मागे उरलं नाही हे पाहायचं आणि पोचल्यावर गिनती सांगायची. हवालदारांनी हे काम मला दिलं, कारण माझा आकडा चुकत नाही ही गावाची खात्री होती. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

त्या रविवारी परीक्षा होती. जखमी म्हणून भुशाचं पोतं बाजेवर घालायचं, धुरातून ओढा उतरून चढायचा, नांगरट ओलांडायची आणि पंधरा मिनिटांत मोटेच्या विहिरीशी पोचायचं. तुकडी परीक्षेत उतरली असती तर हवालदारांना जिल्ह्याच्या दलाचं उस्तादपद मिळणार होतं. पगार, क्वार्टर आणि शिकवायला दीडशे माणसं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, बाईंनी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी हवालदारांची जुनी वर्दी इस्त्रीला दिली तीही करीम मास्तरांकडेच.

बाज न्यायची म्हणून त्या दिवशी कमरेला दोरी नव्हती. ओढा चढताना मास्तरांचा पाय दोन दगडांत अडकला. मी त्यांच्या मागेच होतो, पण धुरात वाट चुकून बाजूनं वर चढलो. वर आल्यावर धूर क्षणभर फाटला आणि खाली मास्तर दिसले. मी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं झाली होती. खाली जाऊन त्यांना सोडवून आणायला निदान चार. बारा आणि चार सोळा. बेरीज बरोबर होती. मी वळलो आणि नांगरटीतून धावत सुटलो.

विहिरीशी पोचलो तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. मी ताठ उभा राहून म्हणालो, "दहा हजर." मेजरसाहेबांनी वहीत लिहिलं. हवालदारांनी एक डोळा बारीक केला, रांगेवरून नजर फिरवली, ती माझ्याजवळ येऊन थांबली.

"साहेब, घड्याळ बंद करू नका," ते म्हणाले. "माझी तुकडी अजून पोचली न्हाई."

मग ते स्वतः पुढे आणि आम्ही नऊ मागे, पुन्हा त्या धुरात गेलो. मास्तरांना त्याच बाजेवर घालून आणलं, भुशाचं पोतं ओढ्यातच राहिलं. एकंदर सव्वीस मिनिटं. मेजरसाहेबांनी विचारलं, गिनती चुकली कशी? हवालदार म्हणाले, धूर डोळ्यांत गेला, आणि धूर जास्त मीच केल्ता. उस्तादपद दुसऱ्या कोणाला गेलं.

मी त्यांच्यासाठी खोटं बोललो, अशी मी बरेच दिवस मनाची समजूत घातली. ती खरी नाही. मेजरसाहेबांपुढे उशिरा, धापा टाकत यायची मला लाज वाटली होती, एवढंच. गावानं मात्र ती मोजण्यातली चूकच धरली. बाजारात कोणीही विचारायचं, "काय नाना, पोती नऊ का दहा?" आणि मी हसायचो. चूक म्हणून हसण्यावारी नेता येत होतं, म्हणून नेत राहिलो. करीम मास्तरांचा उजवा घोटा नीट बसला नाही. ते शिलाईमशीन डाव्या पायानं चालवू लागले. माझे सदरे त्याच मशीनवर शिवले जात. हवालदारांनी दुसऱ्याच रविवारी कवायतीला बोलावलं आणि दहावा नंबर मलाच ठेवला. मी नको म्हणालो, तर त्यांना ऐकूच आलं नाही.

१९५८च्या मार्चअखेर ते अंबडला मुलीकडे राहायला निघाले. मोटारस्टँडवर आम्ही सगळे जमलो. त्यांनी सवयीनं आम्हाला मोजलं आणि मान डोलावली. ती मान पाहून मला राहवेना. त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "हवालदारसाहेब, त्या दिवशी माझी गिनती चुकली नव्हती."

"एक पोतं कमी भरलं तर रातभर जागणारा माणूस तुम्ही," ते म्हणाले. "तुमची गिनती कशी चुकंल? तवाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी ट्रंक टपावर चढली का ते पाहिलं, बाईंना खूण करून आधी आत बसवलं आणि पायरीवर एक पाय ठेवून म्हणाले, "मला कशाला सांगून राह्यले, नाना? ओढ्यात मी होतो का?" मोटार सुटल्यावर खिडकीतून त्यांचा हात एकदा बाहेर आला. पुढच्या माणसाला निघायला सांगायची ती खूण होती.

मी तसाच शिंप्याच्या दुकानात गेलो. करीम मास्तर मशीनवर होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बारा अधिक चार सोळासुद्धा. त्यांनी मशीन थांबवलं, दातांतला दोरा काढला.

"तुम्ही पाह्यलं ते मालूम होतं," ते म्हणाले. "मी हात वर केल्ता."

मला बसायला त्यांनी स्टूल पुढे केलं. मग म्हणाले, "मी त्याच हप्त्यात हवालदारांकडं गेल्तो. बिलकुल तापलो होतो. ते बोलले, मास्तर, अजून एक माणूस मागं राह्यलाय. येईस्तोवर थांबायचं."

अंबडला आता कोणाच्या पंगती अडल्या असतील कोण जाणे. चार वर्षं आणि दोन महिन्यांनी मी 'नऊ' हा आकडा दिला, करीम मास्तरांना. त्यांनी तो घेतला, माझ्या सदऱ्याची उसवलेली बाही तिथंच टाचून दिली आणि पुन्हा डाव्या पायानं मशीन सुरू केलं.