आवाजाची वाटणी

गाण्यांसाठी इतका खटाटोप केलेला आणि एकही गाणं शेवटपर्यंत न ऐकलेला माणूस आमच्या दाजींखेरीज अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, अंबडच्या कोर्टात कारकून. दिवसभर भावाभावांचे दावे हाताळायचे आणि घरी येऊन आवाजाची वाटणी करायचे. लोकांकडे एक अ‍ॅम्प्लिफायर असायचा, तेव्हा दाजींच्या बैठकीत सहा होते. प्रत्येक बाजूला तीन. "अरे, जाड, मधला आन् बारीक, तिघं भाऊ एका घरात कोंबले की झगडा होणारच," ते मला समजावत. "लोक आधी आवाज मोठा करतात, मंग स्पीकरच्या पोटात वाटण्या. आपण क्रॉसओव्हर लावून आधीच वाटणी करून टाकतो. मंग ज्याचा त्याचा अ‍ॅम्प्लिफायर. कटकट बिलकुल न्हाई!"

कटकट ताईला होती. गाणं चालू असताना फोडणी द्यायची तर तिला परवानगी काढावी लागे. पाहुण्याला मधल्या खुर्चीत बसवून मान हलवायला बंदी असे. मुखडा संपतो न संपतो तोच, "थांबा, डावा बारीक चढून राह्यला," म्हणत दाजी पेचकस घेऊन मागे शिरत. लग्नपत्रिका द्यायला आलेले एक गृहस्थ तोच मुखडा ऐकून ऐकून इतके भांबावले, की पत्रिका न देताच निघून गेले.

पुढे कुंभार पिंपळगावहून आमची आई त्यांच्याकडे राहायला आली. तिला ऐकू येईनासं झालं होतं. ओरडलं की आवाज कळे, शब्द कळत नसत. कानातलं यंत्र तिनं डबीत ठेवून दिलेलं. हळूहळू ती बोलायचीच थांबली; नुसती हसून मान डोलवायची.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो असताना दाजींनी तिला मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वयंपाकघरात ताईच्या हातात माईक दिला. जाड आवाजाचे अ‍ॅम्प्लिफायर बंद केले, बारीक आवाज जरा चढवला. "म्हाताऱ्या कानाला बारीकच ऐकू येत न्हाई, आन् शब्द त्यातच असतात. बोल आता. ओरडू नको."

"आई, भाजी तिखट झाल्ती का?"

आई ताठ बसली. "तिखट कुठली? मीठच न्हाई! आल्यापासून अळणी खाऊन राह्यले. मला वाटलं, जावईबापूंना डॉक्टरनं सांगितलं असंल!"

ताई हसता हसता रडायला लागली. मग दोघी संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या. पेचकस खिशात घालून दाजी दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

शेवटी ताईनं माईक माझ्याकडे दिला. इतकी वर्षं 'जेवलीस का' आणि 'गोळी घेतलीस का' एवढंच ओरडून बोलायची सवय. हळू आवाजात आईशी काय बोलायचं, तेच सुचेना.

"बोल की रे," बैठकीतून आई म्हणाली. "ऐकून राह्यले मी."