खरखरीची खरी तारीख

माझ्या धाकट्या जावेला नोकरीला मी लावलं. हे आधीच सांगते, कारण आता ते कुणाला आठवत नाही.

आमचं काम रेडिओ लहरींतली खरखर शोधायचं. वस्तीबाहेरच्या माळावर शेकडो अँटेना आकाशाकडे तोंड करून आहेत. ताऱ्यांच्या मधल्या वायूत ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, किती आहे ते त्या मोजतात. विश्वाच्या सुरुवातीला झालं तेवढंच ते; ताऱ्याच्या पोटात गेलं की संपलं. किती उरलंय ते कळलं, की आपल्या आकाशगंगेतला किती वायू ताऱ्यांमधून जाऊन आलाय याचा अंदाज येतो. पण त्याची खूण इतकी बारीक, की शेजारच्या घरातला एखादा स्वस्त चार्जरही तिला दडपतो. मग आम्ही मीटर घेऊन दारोदार हिंडायचं आणि गोड बोलून ती वस्तू बंद करवायची.

मी अकरा वर्षं हिंडले. ही आली आणि तीन महिन्यांत नुसत्या आवाजावरून सांगायला लागली, "ताई, ही दारावरची बेल. ही माशांच्या टाकीची मोटर." आणि नेमकं तेच निघायचं! मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय कान आहेत हिचे!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय अकरा वर्षं कानात बोळे घालून हिंडत होते?

घरात विजेची नवी वस्तू आणली की आधी मीटरखाली तपासायची, हा आमचा नियम. मी कंबर शेकायचा पट्टा आणला आणि तपासला नाही. तपासणीचं टेबल आता हिच्याकडे! हिच्यासमोर जाऊन उभी राहू? अडलंय माझं खेटर.

खरखर बारीक होती. कित्येक दिवसांची मोजणी एकत्र केल्यावर उघडी पडली. रोज संध्याकाळची, माझ्या शेकायच्या वेळेची आहे म्हटल्यावर मला लख्ख कळलं, ही माझ्या पट्ट्याची. बोलले नाही. धाकटी आठ दिवस वणवण फिरली, हात हलवत परत आली. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं. त्या आठवड्यात मी कंबर जरा जास्तच शेकली.

नवव्या दिवशी ती मीटर घेऊन आमच्याच घरात शिरली आणि थेट माझ्या खोलीच्या दाराशी थांबली.

"ताई, कधीपासून?"

"तुला कशाला नसत्या चौकशा?"

तिने पट्टा गुंडाळून नेला. सकाळी माझ्यासमोरच मोठ्या बाईंना सांगितलं, पट्टा तिचाच, तपासायचा राहिला, असतील बारा दिवस. बाई चिडल्या नाहीत. "कबूल तरी केलंस," म्हणाल्या. बारा दिवस काढून टाकायचे, बाकीची चार महिन्यांची मोजणी ठेवायची, असं ठरलं.

पट्टा माझा, कंबर माझी, आणि कौतुक हिचं! जळले मी, अक्षरशः जळले. आणि बारा कुठले? बत्तीस! वीस दिवसांची माझी खरखर ड्यूटेरियम म्हणून आकड्यात बसणार होती, आणि ते कुणालाही कधी कळणार नव्हतं.

"खोटं बोलतेय ही!" मी ओरडलेच. "पट्टा माझा आहे. एकोणीस तारखेपासून, रोज सहा ते सात. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

"ताई, कशाला?" धाकटी कुजबुजली.

"तू गप्प बस. माझं ते माझं!"

बाईंनी बत्तीस दिवस खोडले. मग माझ्यापुढे हात केला. मी मीटर दिला.

"उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या.

नोकरी गेली माझी, आणि ढसाढसा रडली ती. तिथेही हिचाच पहिला नंबर!