पुलाजवळचं पंधरावं घर

"आठवणी नंतर. आधी घरं मोजू," असं मी अंकलना पहिल्याच शनिवारी सांगितलं. मला काम तसंच जमतं. सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात मी दिवसभर वेळापत्रकं लावते आणि घरी फ्रिजवर किराणा, औषधं, मुलाच्या परीक्षा अशा तीन याद्या असतात.

अंकल आयरिश. सेंगकांगला आमच्याच ब्लॉकमध्ये, दोन मजले खाली राहायचे. तरुणपणी जहाजदुरुस्तीच्या कामाला सिंगापूरला आले, इथल्याच बाईशी लग्न केलं. ती गेली, हे राहिले. त्यांच्या गावची समिती गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढत होती आणि वरच्या रस्त्याची जुनी घरं ठाऊक असलेला हा एकच माणूस उरला होता. त्यात डॉक्टरांनी सांगितलेलं, विस्मरण वाढत जाणार.

"एकही घर सुटायला नको," अंकल म्हणाले. "त्यानंतर डोकं जाईना का कुठेही."

दर शनिवारी सकाळी आम्ही ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये बसायचो. ते कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत बोलायचे, मी वहीत उतरवायचे. लोहार, पोस्ट, दोन दारूचे गुत्ते (त्यातला एक किराणाही विकायचा), शाळामास्तर. ते भरकटायचे, मी ओढून आणायचे.

"तू पोलिसात हवी होतीस, मास्तरीणबाई."

"घर क्रमांक सात, अंकल. छप्पर पेंढ्याचं की कौलांचं?"

घरांचा क्रम काही केल्या लागेना. मग त्यांनी गावची एक रीत सांगितली. वर्षातून दोनदा पाद्री एका घरी येऊन प्रार्थना करायचा आणि सगळा रस्ता त्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने गुडघे टेकायचा. मान घरोघर फिरायचा. ज्या घराला मान, ते महिनाभर आधीपासून चुना लावत बसायचं, शेजाऱ्यांकडून चांगल्या बश्या मागून आणायचं. प्रार्थनेनंतर सगळ्यांना अंडी आणि चहा. मला हे लगेच समजलं. असा मान कुठल्या गावात नसतो? मी मानाचा क्रम धरला आणि दोन शनिवारांत यादी उभी राहिली. चौदा घरं.

पण अंकल पंधरावं सांगत राहिले. पुलाजवळची एक बाई. कधी ती पुलाच्या अलीकडे असायची, कधी पलीकडे. कधी कोंबड्या पाळायची, कधी लोकांचे कपडे शिवायची. मी वहीत तीन नोंदी केल्या आणि तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

"तिच्या घराचा मान कुणाच्या नंतर?" मी विचारलं.

"तिला मान नव्हता."

"मग क्रमात कुठे बसवू?"

त्यांनी चमचा बशीत ठेवला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले.

मी तिन्ही नोंदींवर पट्टीने रेघ मारली. यादी छापली, अंकलची सही घेतली, समितीला पाठवली. एक प्रत त्यांच्या फ्रिजवर लावली. "रोज सकाळी एकदा मोठ्याने वाचायची," मी बजावलं. ते वाचायचे. मला बरं वाटायचं.

पुढे त्यांना एकटं ठेवणं अशक्य झालं, तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना शहराच्या दुसऱ्या भागात, वुडलँड्सला, आपल्याकडे नेलं. सामान आवरायला मी गेले होते. एका डब्यात फोटो निघाला: बुटकं घर, मागे पुलाची कमान, दारात कोंबड्या आणि मांडीवर शिवण घेतलेली बाई.

"आजी. पपांची आई," मुलगी म्हणाली. "पपांना सांग ना, तुझ्या यादीत दाखवा म्हणावं आजीचं घर कुठलं."

मी फ्रिजवरची यादी काढून तिच्या हातात दिली. मग तिने सांगितलं. आजीचं लग्न झालेलं नव्हतं. पाद्री त्या दारात कधी आला नाही आणि पाद्री आला नाही म्हणून गावही आलं नाही. पुस्तकाचं पत्र आलं तेव्हा पपा म्हणाले होते, आता तरी लिहितील.

माझ्या आजोबांचं घर गावाबाहेरच्या वस्तीत होतं. देवीची पालखी घरोघर जायची आणि आमच्या वस्तीच्या अलीकडून वळायची. गावात घरं किती असं विचारलं, की लोक सांगत त्या आकड्यात आम्ही नसायचो. हे मी लहानपणापासून ऐकलेलं आहे, मुलाला सांगितलेलं आहे. आणि मानाच्या क्रमात बसत नाही म्हणून मीच एक घर खोडलं.

त्याच संध्याकाळी मी समितीला फोटोसकट सगळं लिहिलं. आठवड्याने नम्र उत्तर आलं. चर्चच्या जुन्या वहीतही चौदाच घरं आहेत, तुमची यादी तिच्याशी तंतोतंत जुळली, त्यामुळे आमची मोठीच सोय झाली. शिवाय यादीखाली अंकलची सही आहे. पुस्तक छापून झालं.

गेल्या शनिवारी वुडलँड्सला गेले. फ्रिजवरची यादी मुलीने तिकडेही लावली आहे. मी पेनने खाली पंधरावी ओळ लिहिली, पुलाजवळचं घर, आणि फोटो त्यांच्या हातात दिला.

"ही कोण, अंकल?"

त्यांनी फोटो निरखला. "कोंबड्या बऱ्या दिसतात."

"तुमचं घर कुठलं?"

त्यांचं बोट यादीवरून खाली आलं आणि सहाव्या ओळीवर थांबलं. शाळामास्तरांचं घर. "हे. आमच्याकडे मान असला की आई महिनाभर चुना लावायची."

मग त्यांना खालची नवी ओळ दिसली. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, पट्टी मागितली आणि सरळ रेघ मारली.

"चौदाच आहेत, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "रोज वाचतो मी."