एका घोटाची परवानगी

नंदुरबारच्या फलाटावर मायनं डबा माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि ठेच्याला चिकटून गुळाचा खडा. गाडी सुटायला आली होती. ती म्हणाली, "काम कर भाऊ, पन ती तुन्हा घसाखाले जावाले नको." मी हो म्हटलं, तेव्हा कुठं डबा सुटला.

'ती' म्हणजे वाईन. प्रकाशा गावात पपई-केळीत वाढलेला मी शेतकीचं शिकून नाशिकच्या एका वाईनरीत लागलो आणि तिथून फ्रान्सला, ल्वार नदीकाठच्या वूव्रे गावी चाललो होतो. वडील आजही गावात सांगतात, पोरगा द्राक्षांच्या कंपनीत आहे. खोटं नाही ते. पण मायचा धाकटा भाऊ दारूनं गेला होता आणि शेवटचे सहा महिने त्याचं सगळं तिनंच काढलं होतं.

तुमच्यापैकी जे बाहेर पडलात, ते असंच काहीतरी कबूल करून निघाला असाल. माझं निभावणं सोपं निघालं. या धंद्यात चाखणारे गिळत नाहीत. घोट तोंडात घोळवतात आणि बादलीत थुंकतात. पाच वर्षं मी इमानदारीत थुंकत आलो.

वूव्रेची द्राक्षं म्हणजे शेनिन ब्लाँ. नाशिकलाही तीच होती, पण इथं चुनखडीच्या टेकडीवर, थंडीत ती सावकाश पिकतात आणि त्यांचा आंबटपणा शेवटपर्यंत टिकतो. काही वाईनमध्ये थोडी गोडी मुद्दाम राखतात. इथले लोक तिच्याबरोबर शेळीच्या दुधाचं चीज खातात, नदीतला मासा खातात. मला मात्र पहिल्याच चवीला ठेचा आठवला. तिखटाशेजारी गूळ मायनं मला कळायला लागल्यापासून वाढलाय. मळ्याचा मालक पास्कल, त्याला हे सांगितलं तर म्हातारा नुसता हसला.

गेल्या तोडणीनंतरच्या जेवणात त्यानं त्याच्या वडिलांनी केलेली बाटली उघडली. सगळ्यांनी घोट घेतला. मी सवयीनं उठलो आणि सिंकमध्ये थुंकलो. वळलो तर पास्कल माझ्याकडेच बघत होता. चाखायच्या खोलीत थुंकणं ठीक, पण ही जेवणातली, त्याच्या वडिलांची बाटली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मायला सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी मिळेल. ती तडकलीच.

"कोना वावरना माल शे तो? मानूस सालभर राबस, नि तू त्याना समोर थुंकी टाकस? आपली पपई कोनी चाखीसन थुंकी दिन्ही तं तुले कसं वाटी?"

"माय, तूच तं सांगेल व्हतं."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "एक घोट ले. तो त्याना मान राखाले. दुसरापासून तुन्हा मामा गया." आणि वर, "उपाशीपोटे नको. भरीत कर."

पुढच्या रविवारी दुपारी पास्कलला जेवायला बोलावून केलं. आपल्याकडे वांगी तुरीच्या तुराठ्यांवर भाजतात, मी द्राक्षाच्या छाटणीच्या वाळक्या काड्यांवर भाजली. इथली हिरवी मिरची मिळमिळीत, म्हणून नंदुरबारची लाल कुटून घातली. पास्कलच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं पुन्हा वाढून घेतलं. मग माझ्या ग्लासात गोडसर वूव्रे ओतली. मी गिळली. आधी आंबट, मग जिभेची आग शांत करत उतरणारी गोडी. मला रडू आलं आणि मी ते मिरचीवर ढकललं.

पास्कलनं पुन्हा बाटली उचलली. मी ग्लासावर तळहात आडवा धरला, पोट भरल्यावर माय ताटावर धरते तसा. त्यानं बाटली खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी अजून प्रकाशाच सांगतो. पण त्या दुपारी ते इथंच, टेबलाशी होतं: ग्लासावरचा हात माझा नव्हता, मायचा होता.